ठमीनं काय मागितलं

९ नोव्हेंबर १९८६, रविवार
सालवड, बोईसर

आलो एकदाचे! लग्न होऊन सहा महिने झाले, पण संसार आज सुरू झाला. कणकवलीहून निघताना आईने पिशवीत काय काय कोंबलं होतं ते इथे आल्यावर कळलं. कुळीथ, सोलं, खोबऱ्याचे सहा गोटे, आणि पंढरीदादाने दिलेली ही वही. दादा म्हणाला, पत्रात सगळं लिहिता येत नाही, म्हणून वहीत लिही.

खोली एकच, पण उजेडाची. खिडकीतून समोर ताडाची रांग दिसते आणि तिच्यामागे कारखान्यांची धुराडी. हवेला एक वास आहे, ओल्या रंगाचा. हे म्हणाले, आठ दिवसांत नाकाला सवय होईल. यांच्या कारखान्यात कापडाचे रंग बनतात, त्यामुळे यांच्या हातांची नखं कायमची पिवळी झाली आहेत. लग्नात मला वाटलं होतं हळदीमुळे. ते सांगितलं तर पोट धरून हसले.

घरमालकीण मैनाबाई इथल्याच. परसात केळी, पानवेल आणि चार सोनचाफे. आम्ही आल्या आल्या तिने वालाची उसळ आणून दिली आणि माझं बोलणं ऐकून म्हणाली, "तू जरा नाकात बोलतं गो, पन ग्वाड बोलतं. आमी शिकवू तुला आमचं." मी म्हटलं शिकवा.

भिंतीला खिळे ठोकले. पिशवीतून कॅलेंडर काढून लावलं. यांनी विचारलं, करमेल ना? मी म्हटलं, तुम्ही असलात की करमेल. लिहितानाही लाज वाटते आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इथे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. रविवारी सगळे कामावर आणि शुक्रवारी सगळे बाजारात, हे अजून पचनी पडत नाही. बोईसरला जाऊन स्टोव्हची पिन, पातेलं, चटई घेतली. बाजारात निम्मी माणसं हिंदीत बोलतात. मी भाव विचारताना मराठी, हिंदी, मालवणी सगळं एकत्र केलं आणि भाजीवालाच गोंधळला.

रस्त्याने गवताचे भारे घेऊन डोंगरातल्या बायका चाललेल्या दिसतात. या दिवसांत गवतकापणी चालते. भारा एवढा मोठा की खाली फक्त दोन पावलं दिसतात, जणू गवताची गंजीच चालते आहे. हे म्हणाले, त्यांना मागचं काही ऐकू येत नाही, कान झाकलेले असतात.

मी हट्ट धरला आहे. मैनाबाई म्हणते मनोरच्या रस्त्याला मासवणपाशी सूर्या नदी फार सुंदर आहे. आल्यापासून मी नदी पाहिलेली नाही. हे म्हणाले, सहा दिवस पाळी करून एक दिवस झोपायला मिळतो. मी तोंड फुगवलं. शेवटी पुढच्या शुक्रवारी जायचं ठरलं. पाम गावचा यांचा सोबती स्कूटर देणार आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पालघर, सरकारी दवाखाना

वही पिशवीत होती. डब्याच्या खाली. कोपऱ्याला लागलं आहे ते यांचं रक्त.

लिहिते आहे. इथे बसून दुसरं करायला काही नाही आणि काही केलं नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी अकराच्या सुमाराला मासवणच्या अलीकडे अपघात झाला. वळणावर समोरून ट्रक आला. यांनी स्कूटर डावीकडे घेतली. तिथे गवताचा भारा घेतलेली एक बाई होती. तिला धक्का बसला आणि आम्ही दगडांवर पडलो. मला खरचटण्यापलीकडे काही नाही. यांचं डोकं फुटलं आणि उजवी मांडी मोडली. ट्रक थांबला नाही. थोड्या वेळाने मनोरकडून एक टेम्पो आला, त्यात घालून यांना इथे आणलं. ती बाई जागेवरच गेली होती.

डॉक्टरांनी डोक्याला अठरा टाके घातले. पाय प्लास्टरमध्ये आहे. शुद्ध नाही. मुंबईला न्यायचं का विचारलं, तर म्हणाले, आत्ता रस्त्याचे हादरे सोसणार नाहीत, अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या. मग म्हणाले, वेळेत आणलंत बाई. अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं.

हवालदार येऊन जबाब लिहून घेऊन गेले. मी वर लिहिलं तेच सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर दर दोन तासांनी पापणी उचलून बॅटरी मारतात. डावी बाहुली सावकाश आकसते. ती आकसली की मी श्वास सोडते.

इथली आया भागी म्हणून आहे, चाळिशीची, मासवणच्या बाजूचीच. बिनासाखरेचा चहा स्वतःच्या पेल्यातून आणून देते. मला म्हणाली, "रडू नको बाय. तू हुशार हाय म्हनून तुझा मानूस वाचला. दुसरी असती त बसली असती बोंबलत." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलीनेही तेच म्हटलं. सकाळपासून चार जणांनी माझं कौतुक केलं.

यांच्या उशीवर गवताची कुसळं सापडली. अपघाताच्या वेळची असतील. माझ्या साडीतूनही अजून निघतात. सगळी वेचून टाकली, चादर बदलून घेतली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे बोलले!

दुपारी दोन वाजता ओठ हलले. मी कान जवळ नेला. आधी नुसता घरघर आवाज, मग स्पष्ट शब्द. भागी फरशी पुसत होती, तीही उठून आली. पाणी मागतात, म्हणाली. डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून ओल्या कापसाने ओठ पुसले.

भागी म्हणाली, तुझा मानूस आमच्यातला हाय का? मी विचारलं, का. ती म्हणाली, "पानी दे, बाय, असा बोलला ना तो. असा आमचे पाड्यावर बोलतान."

ऐकण्यात चूक झाली असेल.

चादरीवर पुन्हा कुसळं. भागी म्हणते गादीत असतील. मी गादीची शिवण उसवून पाहिली. आत काथ्या आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्या गवतवाल्या बाईचा नवरा आला.

दाराशी किती वेळ उभा होता कोण जाणे. उघडा, खांद्यावर टॉवेल, हातात पळसाच्या पानांची पुडी. भागीने त्याला माझ्याकडे आणलं. जिवल्या त्याचं नाव. तिचं नाव ठमी. डोंगराखाली थोडी भाताची शेती आहे, पावसावरची. भात काढून झालं होतं म्हणून ती गवत कापायला जात होती.

मला वाटलं आता हा ओरडेल, मारेल. मी उठून भिंतीला टेकले. तो खाली जमिनीवर बसला आणि पुडी माझ्या पायाशी ठेवली. नव्या भाताचे पोहे होते.

टेम्पोवाल्याने चहाच्या टपरीवर सांगितलं होतं म्हणे, की एक बाई तिच्याजवळ बसली होती, तिच्या तोंडावर वाकली होती. तेच कळून तो आला होता. तो म्हणाला, "ठमी एकली नाय मेली. तू व्हतीस जवल. पानी पाजला असशील तू. आमचे म्हातारीला तवढाच बरा वाटला."

मी मान हलवली.

हो म्हणून हलवली.

तो गेल्यावर यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, पण पापण्यांखाली बुबुळं हलत होती. दाराकडे, जिकडून तो गेला तिकडे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

या वहीतही मी खोटं लिहिलं. वही कोण वाचणार आहे? तरी लिहिलं. आता खरं लिहिते, नाहीतर मला जेवण जाणार नाही. काल पोह्यांचा एक दाणा तोंडात घातला आणि ओकले.

नदी चमकली म्हणून मी यांचा खांदा दाबला आणि म्हटलं, ती बघा. यांनी मान वळवली, तेवढ्यात ट्रक. हे एक.

दुसरं असं. आम्ही पडल्यावर मी उठून आधी यांच्याकडे गेले, मग तिच्याकडे. ती गवतात आडवी होती, भारा अर्धा अंगावर. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती. "पानी दे, बाय," म्हणाली. दोनदा. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मला वाटलं यांना लागेल. मी दिलं नाही.

मग टेम्पो आला. टेम्पोवाल्याने यांना उचलून आत ठेवलं आणि लांबून तिच्याकडे बघत विचारलं, "वो औरत ज़िंदा है क्या?" जिवंत असेल तर आधी तिच्या पाड्यावर सांगायला हवं, तो म्हणाला, तिच्या माणसांना घेऊनच हलवू, नाहीतर आपल्यालाच धरतील. पाडा टेकडीपलीकडे. जाऊन यायला तासभर. यांचं रक्त टेम्पोच्या फळीवरून खाली ठिबकत होतं.

मी परत तिच्याजवळ गेले. वाकले. तिने माझ्या पदराचं टोक धरलं. मी ते सोडवलं. बोटं एकेक करून. आणि उठून सांगितलं, गेली ती.

भारा तिच्या अंगावरच राहू दिला. मुद्दाम. तिचे डोळे टेम्पोवाल्याला दिसू नयेत म्हणून.

लिहिलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्लास्टरमधून कुसळं येत आहेत.

भागीला दाखवलं. तिने एक ओढून काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. पांढरं, वाळलेलं, दगडासारखं प्लास्टर. त्यातून बारीक टोकं बाहेर डोकावतात. बाहेरून रुतलेली नाहीत. आतून आलेली आहेत. डॉक्टर म्हणाले, गुंडाळताना राहिली असतील. चिडले माझ्यावर.

ते म्हणाले, प्रकृती सुधारते आहे, एक-दोन दिवसांत शुद्धीवर येतील.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात काय आलं ते लिहिते. यांनी टेम्पोत पडल्या पडल्या ऐकलं असेल का? शुद्धीवर आले की बोलतील का? आणि मग, एक क्षणभर, वाटलं की शुद्धीवर नाही आले तर.

मी यांची बायको आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळे उघडले. सकाळी दहा वाजता. मी नाव घेऊन हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. विश्राम, विश्राम.

माझ्याकडे बघितलं. ती नजर यांची नाही. मी ती नजर ओळखते. गवतातून वर बघणारी.

मग बोलायला लागले. हळू, त्या बोलीत. मी तसंच लिहिते, मला कळलं तेवढं. पयला टेंपू गेला. मंग बैलगाडी गेली. हाक मारली, पन तोंडावर गवत. मंग यष्टी गेली, मंग एक जीप. मुंग्या आल्या. ऊन पायावरनं पोटावर आला, पोटावरनं तोंडावर. मंग गेला.

ऊन गेलं. म्हणजे संध्याकाळ. म्हणजे अकरापासून संध्याकाळपर्यंत ती—

हे टेम्पोत होते. हे इथे होते, या खाटेवर, दुपारी बाराला, डॉक्टर यांना टाके घालत होते. यांना बैलगाडी कशी माहीत?

सिस्टर म्हणते डोक्याला मार लागला की माणसं बरळतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जेवले नाहीत. पाणी द्यायला आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. मी भांडं तोंडाला लावते तर ओठ घट्ट मिटतात. भागीने दिलं तर गटागटा पितात. सिस्टरने दिलं तर पितात. शेजारच्या म्हातारीने थरथरत्या हाताने दिलं, तेही प्याले.

माझ्या हातून नाही.

मैनाबाई भेटायला आली होती. सोनचाफ्याची फुलं आणली. यांच्याकडे बघून लगेच उठली. म्हणाली, "सुलू, यो विश्राम नाय गो." आणि मग म्हणाली, आजारपणात चेहरा बदलतो तसं म्हणतेय मी. पण वळून न बघता गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

जिवल्या पुन्हा आला. तिचे दिवस घालायचे आहेत. त्याची म्हातारी विचारते, ठमीने शेवटी काय मागितलं? जे मागितलं ते तिच्या नावाने ठेवायचं, म्हणजे ती हिंडत राहणार नाही. ते फक्त तुला ठावं हाय, बाय.

मी म्हटलं, काही नाही बोलली ती.

पाठीमागून आवाज आला. "पानी."

जिवल्या उठून उभा राहिला. खाटेकडे बघत राहिला. त्याने तो आवाज ओळखला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्याने ओळखला.

मग मी सांगितलं. सगळं. बाटली, पदर, बोटं, टेम्पोवाला, भारा. उभ्यानेच सांगितलं, सगळ्या वॉर्डसमोर. कोणी हललं नाही. भागी दाराला धरून उभी होती.

मारेल असं वाटलं. मारावं असं वाटलं.

तो म्हणाला, "आमाला ती पडली तिथं नाय गावली. पडली तिथनं ईस पावला पुढं गावली, घराचे वाटेवर. आमी म्हनलो कोनी वढत नेली. कोल्हा असल." मग खाटेकडे बघत म्हणाला, "मंग ती सोता गेली. सरपटत गेली."

मी त्याचे पाय धरायला वाकले. त्याने पाय मागे घेतले.

"मना नको सांगू," म्हणाला. "तिला सांग."

आणि गेला.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळ

चादरीवर काही नाही. प्लास्टर स्वच्छ. तीनदा बघितलं. एकही कुसळ नाही.

भागी आज बोलत नाही माझ्याशी. चहा नाही. बरोबर आहे.

हवालदार येणार आहेत. सिस्टरने कळवलं. मी जबाब बदलून देणार आहे. घाबरत नाही त्याला.

दुपार, एक वाजता

"सुलू" म्हणाले! यांचा आवाज. यांचाच. नजरही यांची. माझ्या हातून पाणी प्याले, अर्धं भांडं. मी रडले तर म्हणाले, रडतेस काय वेडे.

संपलं. सांगितलं म्हणून संपलं.

दोन वाजता

विचारलं यांना, किती आठवतं. म्हणाले, सगळं. मी टेम्पोत जागा होतो, सुलू. तू गेली म्हणालीस ते ऐकलं. ती मागून पाणी मागत होती तेही ऐकलं. मला बोलता येत होतं. मी बोललो नाही. मला जगायचं होतं.

 मी खाटेच्या कडेला बसून हात धरला यांचा. यांनी धरू दिला.

तीन वाजता

हे दाराकडे बघतात. मी म्हटलं, कोण आहे? म्हणाले, किती दिवस उभी आहे ती.

दारात कोणी नाही. ऊन आहे नुसतं.

मी म्हटलं, संपलं ते. मी जिवल्याला सांगितलं. म्हणाले, त्याला सांगितलंस. तिला कुठं?

—

शेजारची म्हातारी रडते आहे. दाराकडे बघून. भागी वॉर्डाबाहेर गेली, बादली तशीच टाकून.

वाळल्या गवताचा वास. फरशीवर काहीतरी घासत येतंय. भारा घासतो तसं.

मी वर बघणार नाही. लिहीत राहते. लिहीत राहिले की

हे सरकताहेत. मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून, भिंतीकडे. काल कूस बदलता येत नव्हती. खाटेवर जागा करताहेत. माझ्या आणि यांच्या मध्ये.

बस, म्हणाले. मला नाही.

खाट दबली.

माझ्या पदराला — बोटं — एकेक

सुलू, सांग आता, म्हणताहेत हे. ती ऐकते आहे. सांग.

सांगते. ठमी, मी तुला